वर्तमानपत्रातला अल्बम रिव्ह्यू

नवीन आलेला पॉप, रॉक, हिपहॉप अशा लोकप्रिय संगीताचा अल्बम ऐकून पेपरचा समीक्षक त्यावर जे लिहितो त्याला अल्बम रिव्ह्यू म्हणतात, आणि बहुतेक पेपरांत त्याच्या डोक्यावर स्टार किंवा ग्रेड पण असते. जागा कमी असते, कधी नुसता एक परिच्छेद, कधी दोनतीनशे शब्द, कलाकार फार मोठा असला तर हजारच्या आसपास. तेवढ्यात आवाज कसा लागलाय, प्रोडक्शन कसं आहे, शब्दांत दम आहे का, आधीच्या अल्बमपेक्षा गाडी पुढे गेली की तिथेच अडकली, हे सगळं बसवायचं असतं. एवढं करून लोकांच्या लक्षात काय राहतं तर तीन स्टार की चार. आकडा कोणाच्या कानाने दिलाय हे माहीत नसेल तर त्याला फारसा अर्थ नसतो, पण पसरतो मात्र आकडाच, लिहिलेलं मागे राहतं.

सुरुवात

संगीताला वाहिलेली नियतकालिकं ब्रिटनमध्ये आधीपासून होती, मेलडी मेकर १९२६ पासून आणि न्यू म्युझिकल एक्सप्रेस १९५२ पासून. रोजच्या मोठ्या पेपरांना मात्र पॉप रेकॉर्ड म्हणजे पोरांचा खेळ वाटायचा, संगीत समीक्षक म्हणजे ऑपेरा आणि सिम्फनीवर लिहिणारा माणूस. अपवाद होते, सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलमध्ये राल्फ ग्लीसन जॅझबरोबर पॉपवरही गंभीरपणे लिहीत होते आणि पुढे १९६७ साली रोलिंग स्टोन हे नियतकालिक सुरू करणाऱ्या दोघांपैकी ते एक. लंडनच्या टाइम्समध्ये २७ डिसेंबर १९६३ ला विल्यम मान या शास्त्रीय संगीताच्या समीक्षकांनी बीटल्सच्या गाण्यांवर लेख लिहिला आणि त्यात एओलियन केडन्स वगैरे पाश्चात्य शास्त्रीय संगीताची परिभाषा वापरली. बीटल्समधल्या जॉन लेननला तो शब्द शेवटपर्यंत कळला नव्हता, हे त्याने स्वतःच पुढे सांगितलंय. पण ज्या संगीताला पेपर हसत होते त्याला तेच कान, तीच मोजमापं लावून बघणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

मग येतो जून १९६७. बीटल्सचा सार्जंट पेपर हा अल्बम आला, जगाने डोक्यावर घेतला, आणि १८ जूनच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या विशीतल्या समीक्षकाने तो झोडपला. इफेक्ट झगमगीत आहेत पण आत पोकळ आहे असा त्याचा सूर होता, आणि पेपरकडे वाचकांच्या संतापलेल्या पत्रांचा ढीग लागला. पुढच्या वर्षी त्याच अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हे उदाहरण आजही समीक्षक कसे चुकतात हे दाखवायला काढलं जातं पण मला ते तसं वाटत नाही. गोल्डस्टीनने काय खटकलं ते कारणांसकट लिहिलं होतं, म्हणून आज पन्नासहून जास्त वर्षांनीही त्याच्याशी भांडता येतं, नुसते दोन स्टार टाकले असते तर भांडायलाही काही उरलं नसतं.

काम चालतं कसं

रेकॉर्ड कंपनी किंवा कलाकाराचा पब्लिसिस्ट, म्हणजे त्याची प्रसिद्धी सांभाळणारा माणूस, रिलीजच्या आधी समीक्षकाकडे अल्बम पाठवतो. पूर्वी एलपी आणि कॅसेट यायच्या, मग सीडी आल्या, आणि गाणी इंटरनेटवर लीक व्हायला लागल्यावर प्रत्येक कॉपीत वॉटरमार्क, म्हणजे ओळखीची लपलेली खूण, टाकायला लागले म्हणजे लीक कोणाकडून झालं ते सापडेल. आता बहुधा पासवर्डवाली स्ट्रीमची लिंक येते आणि सोबत एम्बार्गो, अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत छापायचं नाही. फारच मोठं नाव असेल तर लिंकसुद्धा देत नाहीत, समीक्षकालाच ऑफिसात किंवा स्टुडिओत बोलावून एकदा ऐकवतात आणि फोन बाहेर ठेवायला लावतात. एकदाच ऐकून वहीत खरडलेल्या नोंदींवर अल्बमचं भवितव्य ठरवणं हे अन्यायाचंच आहे, कलाकारावर पण आणि लिहिणाऱ्यावर पण, कारण काही अल्बम पहिल्या ऐकण्यात हाताला लागतच नाहीत, चौथ्या-पाचव्या वेळी कुठेतरी एखादा बेस किंवा एखादी ओळ कानात शिरते आणि मग सगळा अल्बम उलगडतो.

२०१५ च्या १० जुलैपासून जगभर नवीन अल्बम शुक्रवारी रिलीज करायचं ठरलं, त्यामुळे पेपरांची संगीताची पानंही त्या वाराभोवती फिरतात. उदाहरणार्थ लंडनच्या गार्डियनमध्ये अ‍ॅलेक्सिस पेट्रिडिस आठवड्याच्या मुख्य अल्बमवर लिहितात. पण हे वेळापत्रक आधीच खिळखिळं झालं होतं. रेडिओहेड या बँडने २००७ मध्ये नवीन अल्बम फक्त दहा दिवस आधी जाहीर केला, आणि १३ डिसेंबर २०१३ ला गायिका बियॉन्सेने तर काहीच न सांगता पूर्ण अल्बम बाहेर काढला. समीक्षक आणि चाहता एकाच मिनिटाला प्ले दाबणार, आणि सकाळपर्यंत रिव्ह्यू हवा. आधी ऐकायला मिळणं हा समीक्षकाचा मोठा फायदा होता तो तिथे गेला, आणि मग उरतं ते फक्त लिहिणं, म्हणजे तयार कान आणि आधीच्या शेकडो अल्बमची आठवण.

स्टार, ग्रेड आणि सरासरी

स्टार संगीतातून आलेले नाहीत. न्यूयॉर्क डेली न्यूजमध्ये आयरीन थायरर यांनी ३१ जुलै १९२८ ला सिनेमांना स्टार द्यायला सुरुवात केली तेव्हा जास्तीत जास्त तीन होते. पुढे प्रत्येक पेपरने आपापली पट्टी ठरवली. गार्डियन पाचपैकी देतं, अमेरिकेत लॉस एंजेलिस टाइम्स आणि शिकागो ट्रिब्यून कित्येक वर्षं चारपैकी द्यायचे, त्यामुळे एका ठिकाणचे तीन आणि दुसऱ्या ठिकाणचे तीन ही एकच गोष्ट नाही हे लक्षात ठेवावं लागतं. न्यूयॉर्क टाइम्स अल्बमला स्टार देतच नाही. पिचफोर्क ही वेबसाइट तर ०.० ते १०.० अशी दशांशात मार्क देते, आणि ७.८ आणि ७.९ मध्ये कानाला काय फरक पडतो हे कोणी समजावून सांगितलेलं मी तरी वाचलं नाही.

सगळ्यात जास्त घोळ पाचपैकी तीनचा आहे. समीक्षकाच्या मनात तीन म्हणजे बरा अल्बम, ज्याला हा कलाकार आवडतो त्याने जरूर ऐकावा, आणि वाचक मात्र ते नापास असं वाचतो. एक स्टार क्वचितच दिसतो, त्याचं कारणही साधं आहे, जागा मोजकी असल्यामुळे कोणाला माहीत नसलेला वाईट अल्बम निवडून त्याला झोडपण्यात संपादकाला रस नसतो, म्हणजे मोठी नावं सोडली तर वाईट अल्बम छापण्याआधीच गळतात.

ग्रेडचं नाव काढलं की रॉबर्ट क्रिस्टगाव. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकात त्यांनी १९६९ पासून कन्झ्युमर गाइड नावाचा कॉलम चालवला, प्रत्येक अल्बमला एक गच्च परिच्छेद आणि शाळेसारखी ए प्लसपासून खाली जाणारी ग्रेड. ते परिच्छेद इतके ठासून भरलेले असतात की दोनदा वाचावे लागतात. त्यांची ग्रेड उपयोगी पडली कारण तोच माणूस, तेच कान, वर्षानुवर्षं, हजारो अल्बम. त्यांना काय आवडतं आणि कशाचा तिटकारा आहे हे वाचकाला पाठ झालं होतं, त्यामुळे त्यांच्या सी ग्रेडवरूनसुद्धा हा आपल्याला आवडणार असा अंदाज बांधता यायचा.

याच्या बरोबर उलट काम मेटाक्रिटिक करतं. २००१ मध्ये सुरू झालेली ही साइट सगळ्यांचे रिव्ह्यू गोळा करून १०० पैकी आकड्यात बदलते, पाचपैकी चार असतील तर ८०, बी असेल तर ७५, सी असेल तर ५०, मग कोणाला जास्त वजन कोणाला कमी असं धरून सरासरी काढते, त्यासाठी निदान चार रिव्ह्यू लागतात. ज्या पेपरने आकडा दिलेलाच नाही त्याचा लेख वाचून साइटवालेच एक आकडा ठरवतात. माझा आक्षेप इथे आहे. अर्ध्या लोकांना जीव की प्राण आणि अर्ध्यांना नकोसा वाटलेला अल्बम, आणि सगळ्यांना ठीकठाक वाटलेला अल्बम, दोन्हींचा आकडा ६५ च्या आसपास येऊ शकतो, आणि पहिला तर हमखास ऐकण्यासारखा असतो!

कोणाला गंभीरपणे घ्यायचं

३१ ऑक्टोबर २००४ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये केलेफा सॅने यांनी रॉकिझमवर लेख लिहिला. मुद्दा असा की गिटार घेऊन स्वतःची गाणी स्वतः लिहिणारा तो खरा, आणि डिस्को, आर अँड बी, चकाचक पॉप हे सगळं बनावट, अशी फूटपट्टी समीक्षकांनी नकळत धरलेली आहे, आणि तिच्यात वंश आणि लिंगाचाही भाग आहे. त्यानंतर पॉपला मान देणारी भूमिका बळावली, तिला पॉप्टिमिझम म्हणतात, आणि ते फार गरजेचं होतं असं माझं ठाम मत आहे. त्याची दुसरी बाजू पण आहे, आता मोठ्या स्टारवर कडक लिहायला लोक कचरतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये पेस्ट मासिकाने टेलर स्विफ्टच्या नव्या अल्बमचा रिव्ह्यू लेखकाचं नाव न टाकता छापला, कारण २०१९ मध्ये तिच्या आधीच्या एका अल्बमवर लिहिणाऱ्याला वाचकांकडून धमक्या आल्या होत्या. नाव नसलेला रिव्ह्यू म्हणजे कान कोणाचे हेच कळत नाही, आणि ही वेळ त्या लिहिणाऱ्यावर चाहत्यांनी आणली.

मत बदललं तर

एकदा छापलेले स्टार पेपर सहसा बदलत नाहीत. समीक्षकाचं मत मात्र बदलतं, आणि क्रिस्टगाव यांनी ते लपवलं नाही. सत्तरच्या दशकातल्या अल्बमवरचं लिखाण १९८१ मध्ये पुस्तकात आणताना त्यांनी जुने अल्बम परत लावले, बरेच परिच्छेद नव्याने लिहिले आणि ज्या ग्रेड आता पटत नव्हत्या त्या बदलल्या.