कुळकायद्याचे वाद आले कुठून?

कोकणात जमिनीचा व्यवहार ठरायला आला की वकील सातबाऱ्यावर आधी 'इतर हक्क' हा रकाना बघतो. तिथे कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव दिसलं तर व्यवहार तिथेच अडतो. त्या एका ओळीमागे किमान तीन पिढ्यांचं भांडण असतं.

मुळाशी आहे खोती. खोत सरकारचा सारा भरायचा आणि कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा, शिवाय वेठबिगार वेगळी. कूळ आज्या-पणज्यापासून तेच शेत कसत आलेलं, पण करार तोंडी. खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, घातला तरी पावती हाती पडेलच याची खात्री नाही. कसणारा एकीकडे आणि कागद दुसऱ्याच्या पेटीत, हेच या सगळ्या वादांचं मूळ आहे असं मला वाटतं.

१९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतांची जमीन कसायचंच नाकारलं. हातावर पोट असलेली माणसं सुमारे सहा वर्षं मागे हटली नाहीत. या धैर्याची आठवण आपल्या शालेय पुस्तकांत ठळकपणे असायला हवी होती. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. १९३९ च्या कायद्याने 'संरक्षित कूळ' ही ओळख दिली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, पाठोपाठ खोतीही संपली.

खरी उलथापालथ केली ती १९५६ च्या दुरुस्तीने. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. किंमत ठरवायची कलम ३२ ग खाली: कायम कुळाला खंडाच्या सहा पट, इतरांना आकाराच्या, म्हणजे जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या, २० ते २०० पट. पैसे भरले की कलम ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र. जमीनमालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण १९५८ मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

मग लढाई कचेरीत आली. कलम ४ नुसार दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा कूळ मानला जातो; मात्र घरचा माणूस किंवा मजुरीवरचा गडी नाही. त्यामुळे मालकाचा ठरलेला जबाब असे, 'तो आमचा गडी होता.' कुळाकडे पुरावा काय? पीकपाहणीतली नोंद असली तर असली, नाहीतर शेजारच्या बांधावरच्या माणसाची साक्ष. कूळ आहे की नाही, याचा निवाडा कलम ७० ब खाली तहसीलदारच करतो. दिवाणी दाव्यात हा मुद्दा निघाला तरी न्यायालयाला तो त्याच्याकडेच पाठवावा लागतो. दावे वर्षानुवर्षं रेंगाळतात त्याचं हे एक मोठं कारण.

सुनावणीला कूळ हजर राहिलं नाही, किंवा 'मला जमीन घ्यायची नाही' असं सांगून बसलं, तर खरेदी निष्फळ व्हायची. ज्याच्या अंगणात राहायचं त्याच्याविरुद्ध उभं राहणं किती कठीण, हे गावात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. मालक विधवा, अज्ञान (वयाने लहान) किंवा अपंग असेल तर खरेदी लांबणीवर पडे आणि नंतर कुळाने मुदतीत नोटीस द्यायची असे. अक्षरओळख नसलेल्या माणसावर मुदत मोजायची जबाबदारी टाकणं हा अन्यायच होता. या एका तरतुदीवरून किती अपिलं झाली असतील!

हे सारं पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र आणि कोकणापुरतं. मराठवाड्याला १९५० चा हैदराबादचा कायदा, विदर्भाला १९५८ चा वेगळा. गोव्यात कुळांना मालकी मिळायला १९७६ ची दुरुस्ती यावी लागली.

कुळाने घेतलेली जमीन विकायला कलम ४३ ची आडकाठी होती. २०१४ च्या दुरुस्तीने ती सैल झाली: प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून विक्री करता येते. भाव चढलेल्या भागांत त्यानंतर भांडण घरात शिरलं. प्रमाणपत्र बहुधा थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावावर निघालेलं असतं. त्याने ते एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून घेतलं की स्वतःसाठी, यावर धाकट्या भावांचे आणि बहिणींचे वारस आता वाटणीचे दावे लावत आहेत.