मेलचा फोटो नको, मेलच पाठवा

(आमच्याकडे रिटर्न भरणाऱ्या सर्वांसाठी)

जून उजाडला की ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन प्रकारचे फोटो यायला लागतात. एक फॉर्म १६ चे, ते आम्हाला हवेच असतात. दुसरे इन्कम टॅक्सच्या नावाने आलेल्या मेलचे, आणि खाली एवढंच: "हे खरं आहे का?" फोटोत विभागाचं बोधचिन्ह असतं, रिफंडची रक्कम असते, निळं बटण असतं. मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय तेवढं मात्र नसतं, कारण नेमका वरचा भाग कापला गेलेला असतो. मग आम्ही फोन करायचा, तुम्ही गाडीवर असायचं, संध्याकाळी दुसरा फोटो यायचा, तोही अर्धाच. एका मेलचा निकाल लावायला दोन दिवस जातात आणि जुलैमध्ये आमच्याकडे दोन दिवस नसतात. म्हणून हे पत्रक.

विनंती एकच. फोटो काढू नका, तो मेल जसाच्या तसा ऑफिसच्या ईमेलवर फॉरवर्ड करा. फॉरवर्ड करताना मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा आपोआप खाली उतरतो, आम्हाला तेवढाच हवा असतो. मूळ मेल पुसू मात्र नका. "तुम्हाला पाठवला आणि लगेच डिलीट केला, भीती वाटली" असं सांगणारे बरेच आहेत. मेल नुसता पडून राहिल्याने काही होत नाही. जे होतं ते बटण दाबल्याने आणि जोडलेली फाइल उघडल्याने होतं.

आता पत्ता कसा बघायचा ते. मोबाइलवर मेल उघडला की वर फक्त नाव दिसतं, "इन्कम टॅक्स डिपार्टमेंट" वगैरे. हे नाव पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेलं असतं, कुणीही काहीही टाकू शकतो. त्या नावाखाली "मला" किंवा "टू मी" असं बारीक अक्षरात असतं, त्यावर बोट लावलं की खरा पत्ता उघडतो. तो पत्ता उजवीकडून वाचायचा.

उजवीकडून का? आपल्याकडे बंगल्यांना नावं असतात. कुणी "काशी" ठेवतो, कुणी "पंढरी". पण पोस्टमन बंगल्याचं नाव बघून सायकल काढत नाही, तो मु. पो. च्या पुढचं गाव वाचतो. ईमेलच्या पत्त्यात गाव सगळ्यात शेवटी असतं. आयकर विभागाचं गाव "इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन". त्याच्या आधी काही असलं तरी चालतं. रिटर्न तपासणाऱ्या बेंगळुरूच्या केंद्राकडून, म्हणजे सीपीसीकडून, येणाऱ्या मेलमध्ये "सीपीसी डॉट" असं आधी असतंच. पण "डॉट जीओव्ही डॉट इन" च्या पुढे आणखी काही लटकलेलं असेल, म्हणजे "इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट रिफंड-अमुकतमुक डॉट कॉम", तर गाव "रिफंड-अमुकतमुक डॉट कॉम" हे आहे. आधीचं सगळं बंगल्याचं नाव. दुसरा चकवा याहून बारीक: "इन्कमटॅक्स-जीओव्ही डॉट इन". "जीओव्ही" च्या आधी डॉटऐवजी छोटी आडवी रेघ आहे. डॉट असता तर सरकारी, रेघ असली तर कुणाचंही. ही रेघ आमच्या ऑफिसातल्या मुलांनाही एकदा दिसली नव्हती, तेव्हा तुम्हाला नाही दिसली तर वाईट वाटून घेऊ नका.

बँकांच्या बाबतीतही हीच खूण आता झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं "डॉट बँक डॉट इन" वर न्यायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. त्यामुळे बँकेचं लॉगिन पान म्हणून काही उघडलं आणि शेवटी हे नसेल तर तिथे हात आखडता घ्या.

गेल्या हंगामातली गोष्ट. कोरेगावकडचे आमचे एक जुने ग्राहक, निवृत्त शिक्षक. त्यांना मेल आला की तुमचा १८,४६० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, २४ तासांत खातं पडताळा नाहीतर रद्द होईल. सरांचं रिटर्न तेव्हा आमच्या टेबलावर होतं. भरलेलंच नव्हतं, क्लिपमध्ये पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्स होत्या. रिटर्नच्या आधी रिफंड! विचारलं तर सर म्हणाले, "मला वाटलं सरकार आता फास्ट झालंय."

मेलमध्ये "प्रिय करदाते" होतं, सरांचं नाव नव्हतं, पॅनचा एक आकडा नव्हता. बटण दाबल्यावर पान उघडलं ते हुबेहूब आयकराच्या पोर्टलसारखं. त्यात बँकेचं नाव, कार्डाचा नंबर, मुदत आणि कार्डामागचे तीन आकडे. सरांनी तिथपर्यंत सगळं भरलं. ते तीन आकडे फार बारीक, म्हणून वाचायचा चष्मा आणायला आतल्या खोलीत गेले. सूनबाईंनी पडद्यावर काय चाललंय ते बघितलं आणि लॅपटॉप मिटला. म्हणजे सर वाचले ते चाळिशीच्या चष्म्यामुळे. कार्डाचा नंबर तरी गेलाच होता, ते कार्ड त्याच दिवशी ब्लॉक करून घ्यावं लागलं.

यातली एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. कार्डामागचे तीन आकडे, यूपीआयचा पिन, बँकेचा ओटीपी हे पैसे द्यायला लागतं. घ्यायला काही लागत नाही. आयकराचा रिफंड पोर्टलवर आधीच पडताळलेल्या तुमच्या बँक खात्यातच जमा होतो. मेलमधून खातं विचारून विभाग कुणाला पैसे पाठवत नाही.

विषय दर वर्षी बदलतो, पद्धत तीच राहते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पॅन २.० या पॅनच्या नव्या योजनेला मंजुरी दिली आणि "तुमचं नवीन ई-पॅन डाउनलोड करा" असे मेल फिरायला लागले. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही ते खोटे असल्याचं जाहीर केलं. बातमीत जे असेल त्याचाच मेल येतो, एवढं धरून चाला.

आता दुसरी बाजू, आणि हिच्यामुळे आमचं काम खरं वाढतं. "सगळे मेल फ्रॉड असतात" असं ठरवून काहीजण खऱ्या नोटिसाही पुसतात. एका दुकानदार ग्राहकाला रिटर्न सदोष असल्याची कलम १३९(९) ची नोटीस आली होती. मुलगा म्हणाला, पप्पा सोडा, फ्रॉड आहे. उत्तराला १५ दिवस असतात, ते गेले. असं रिटर्न न भरल्यासारखंच धरलं जाऊ शकतं. पुढे विलंब माफीचा अर्ज, फेऱ्या, सगळं आलं. हा मेल आमच्याकडे फॉरवर्ड झाला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं.

म्हणून मेलवर विश्वासही ठेवू नका आणि अविश्वासही. मेल बाजूला ठेवा, पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा आणि "पेंडिंग अ‍ॅक्शन्स" मध्ये "ई-प्रोसीडिंग्ज" बघा. उत्तर मागणारी खरी नोटीस तिथे असते. पत्ता बरोबर दिसला तरी हे करायचंच, कारण पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट दाखवता येतो. लॉगिन जमत नसेल तर पोर्टलच्या पहिल्याच पानावर विभागाची नोटीस पडताळायची सोय आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो तिथे टाकून बघता येतो. आणि रिटर्न तपासल्यानंतर येणारी १४३(१) ची खरी सूचना पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये असते. पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन लहान लिपीत आणि त्याला जोडून जन्मतारीख. झिप किंवा एचटीएमएल फाइल आली तर उघडूच नका.

आता ओटीपीचं. यावरून आमच्यावर नाराजी आहे, माहीत आहे.

गेल्या वर्षापासून आम्ही फोनवर ओटीपी घेणं बंद केलं. "दुसरीकडे एका फोनवर होतं, तुम्ही दोन जिने चढायला लावता" असं तोंडावर ऐकवलेले आहेत. लिफ्ट नाही हे खरं. पण बघा, वर्षभर आम्हीच तुम्हाला सांगणार की ओटीपी कुणालाही देऊ नका, आणि जुलैमध्ये आमच्याच ऑफिसातला मुलगा फोन करून म्हणणार, "काका, आधारचा ओटीपी आला असेल, सांगा पटकन." अशाने तुम्हाला सवय लागते. पुढच्या वेळी "तुमच्या टॅक्सवाल्यांच्या ऑफिसातून बोलतोय" म्हणणारा दुसराच कुणी असेल, तुम्ही त्यालाही सांगाल. आधारच्या ओटीपीवर कागदावर ई-सही होते, केवायसी होतं. फोनवर सांगायची ती वस्तू नाही.

रिटर्न भरल्यापासून ते ई-व्हेरिफाय करायला, म्हणजे ओटीपी टाकून पक्कं करायला, ३० दिवस असतात, त्यामुळे घाई कुणालाच नसते. ऑफिसला या, तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी तुम्ही स्वतः आमच्या पडद्यावर टाका. किंवा घरूनच करा, आम्ही मराठीतलं एक पानाचं टिपण देतो, त्यावरून आमच्या सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकांनीही केलंय. ज्यांना जिने झेपत नाहीत त्यांच्याकडे शनिवारी आमचा माणूस येतो, आधी नाव सांगून ठेवा. याचे वेगळे पैसे नाहीत. म्हणजेच आमच्या नावाने ओटीपी मागणारा फोन आला तर तो आमचा नाही, ठेवून द्या.

एक चूक आमचीही होती, तीही सांगतो. पूर्वी सोय म्हणून बऱ्याच ग्राहकांच्या पोर्टलवर आम्ही ऑफिसचाच ईमेल आणि मोबाइल टाकत होतो. नोटीस आमच्याकडे यायची, ग्राहकाला पत्ता नसायचा. आणि ऑफिसचा एक मेल कुणाच्या हाती लागला असता तर सगळ्यांचीच दारं उघडी. आता एकेकाचं बदलून तुमचा स्वतःचा ईमेल, स्वतःचा नंबर टाकतोय. तुमचा राहिला असेल तर येताना आठवण करा. पुतण्याने बनवून दिलेला आणि पासवर्ड पुतण्याकडेच असलेला ईमेल यात चालणार नाही.

आणि हातून बटण दाबलं गेलंच, माहिती भरली गेलीच, तर आम्हाला फोन नंतर करा. आधी १९३० लावा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वरही करता येते. लगोलग बँकेला फोन करून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करायला सांगा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायच्या आत अडवले गेले तर अडवले, म्हणून इथे तासांचा हिशोब आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही हेच तत्त्व आहे: ग्राहकाने स्वतः माहिती दिल्यामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक मागून लिहून ठेवा.

मग ईमेलचा पासवर्ड बदला. पोर्टलच्या आधी ईमेलचा, कारण बाकीचे बरेचसे पासवर्ड बदलायच्या लिंका ईमेलवरच येतात. त्यानंतर पोर्टलचा. पोर्टलवर "ई-फायलिंग व्हॉल्ट" नावाची सोय आहे, ती चालू केली की नुसत्या पासवर्डवर कुणाला आत शिरता येत नाही. आमच्याकडे आलात तर पाच मिनिटांत लावून देऊ.

लोक चार-चार दिवस सांगत नाहीत, हे मात्र समजतं. लाज वाटते. मुलगा ओरडेल, सून काय म्हणेल. आमच्याकडे कुणी ओरडत नाही. या धंद्यात अठरा वर्षं काढलीत, फसलेल्यांत वकील पाहिलेत आणि बँकेत आयुष्य काढलेले अधिकारीही.

पैसे गेले नाहीत म्हणजे सुटलो असं नाही. पॅन, आधार, जन्मतारीख आणि सहीचा नमुना बाहेर गेला की तुमच्या नावाने कर्ज निघू शकतं, जीएसटी नोंदणी निघू शकते. पगारदार माणसाला पत्ताही नसलेल्या धंद्याच्या उलाढालीची नोटीस येते ती अशी. हे तपासायच्या तीन जागा आहेत. आयकर पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे विभागाकडे नोंदलेल्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक, त्यात ओळखीचे नसलेले व्यवहार असतील तर तिथेच "ही माहिती मान्य नाही" असा अभिप्राय नोंदवता येतो. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून शोध, याला लॉगिन लागत नाही. आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, जो सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण आणि फुकट मिळतो. "सिबिल फुकट बघून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी लिंकवर जाऊन तो बघू नका, म्हणजे झालं.

हे तिन्ही तुम्हाला घरबसल्या करता येतं, आमची गरज नाही. ज्यांना वेळ नाही त्यांचं आम्ही करतो. एआयएस रिटर्नच्या फीमध्येच बघितलं जातं, तसंही ते न बघता आम्ही रिटर्न भरत नाही. बाकी दोन्हींची तपासणी वर्षाला ३०० रुपये, लेखी टिपणासह. क्रेडिट रिपोर्ट तुमच्या मोबाइलवर, तुमच्यासमोर उघडला जातो, आमच्याकडे ठेवला जात नाही. झेरॉक्सच्या बाबतीतही तेच: काम झाल्यावर पॅन-आधारच्या प्रती परत मिळतात, नको असतील तर समोर फाडतो. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं द्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून तसं उतरवता येतं.

खोटा निघालेला मेल आम्ही विभागाच्या "वेबमॅनेजर अ‍ॅट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन" या पत्त्यावर पाठवून देतो. तुम्ही थेट पाठवलात तरी चालेल.

ऑफिसचा ईमेल पावतीच्या मागच्या बाजूला छापला आहे. फॉरवर्ड केलेल्या मेलला त्याच दिवशी उत्तर मिळेल, ३१ जुलैच्या आठवड्यातसुद्धा. फोटो पाठवलात तर रांगेत राहील.