हलकी लिनक्स आणि ‘३८६’चा घोळ

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी कोणती लिनक्स (मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकावी, हा प्रश्न खान्देशात खरा जोरात आला तो ८ एप्रिल २०१४ नंतर. त्या दिवशी विंडोज एक्सपीचे सुरक्षा अपडेट थांबले. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली, चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत क्लास निघाले आणि त्यांच्या मागोमाग डीटीपीची दुकानं, शाळांच्या लॅब, पतपेढ्या, अडतीच्या पेढ्या यांत असेंबल केलेली मशीनं शिरली. पेन्टियम ४, ५१२ एमबी रॅम आणि दुकानदाराने मारून दिलेली एक्सपी, असा तो ठरलेला संच. विंडोज ७ ला किमान १ जीबी रॅम लागते. तोवर डीडीआर१ रॅम मिळणं अवघड झालं होतं. मशीन चालू स्थितीत, पण पुढची विंडोज त्यावर बसेना.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, १९९१ चा. तो हलक्यांत आणि जडांत एकच असतो. वजन पडतं ते वरच्या डेस्कटॉपचं, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या-मेनूंचं. २०११ मध्ये मोठ्या वितरणांनी, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांनी, नवे डेस्कटॉप आणले आणि ते नीट चालायला ग्राफिक्सचा जोर हवा झाला. त्याच वर्षी एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपवरची लुबुंटू ही उबुंटू या मोठ्या वितरणाची अधिकृत शाखा झाली. पपी ही दुसरी हलकी लिनक्स तर २००३ पासूनच होती. ती सीडीवरून उठून पूर्ण रॅममध्ये बसते, त्यामुळे हार्डडिस्क गेलेलं मशीनही तिच्यावर चालतं. पेनड्राइव्हवरून बूट न होणाऱ्या जुन्या बोर्डांना हा मोठाच आधार होता.

पुढचा घोळ मात्र वजनाचा नव्हता, नावाचा होता, आणि त्यापायी चांगली मशीनं भंगारात गेली.

डाउनलोडच्या पानावर दोन फाइली दिसायच्या: एकीच्या नावात आय३८६, दुसरीच्या नावात एएमडी६४. ३८६ हा १९८५ चा प्रोसेसर. ३२-बिटची, म्हणजे एका दमात ३२ बिट हाताळणाऱ्या प्रोसेसरांची, ती वाट त्याच्यापासून निघाली म्हणून ते नाव चिकटलं. डेबियन या वितरणाची २०१७ ची आवृत्ती ‘६८६’ या ३८६ नंतरच्या पिढीपेक्षा जुन्या प्रोसेसरवर चालतच नव्हती, तरी फाइलीच्या नावात ३८६ कायम. दुसरं नाव त्याहून फसवं. ६४-बिटची ही पद्धत एएमडीने २००३ मध्ये बाजारात आणली, म्हणून तिचं नाव पडलं एएमडी६४. पुढच्याच वर्षापासून इंटेलनेही तीच पद्धत आपल्या प्रोसेसरमध्ये घ्यायला सुरुवात केली. म्हणजे कॅबिनेटवर इंटेलचं स्टिकर असलं तरी फाइल एएमडी६४ चीच लागते. हे न कळल्यामुळे ‘आपलं इंटेल आहे’ म्हणत माणसं आय३८६ ची फाइल उतरवायची.

त्यात एक्सपीने भर घातली. कोअर २ ड्युओ हा अस्सल ६४-बिट प्रोसेसर, पण आपल्याकडे त्यावर सर्रास ३२-बिट विंडोज मारली जायची. सिस्टिमच्या खिडकीत ३२-बिट असं दिसलं, की मालक तेच मशीनचं लक्षण समजायचा आणि ६४-बिट लिनक्स त्यावर चालणार नाही असं धरून बसायचा. ते लक्षण विंडोजचं असतं, प्रोसेसरचं नसतं. लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता सीडी किंवा पेनड्राइव्हवरून, चालवून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एलएससीपीयू (lscpu) ही आज्ञा दिली, की प्रोसेसर ६४-बिट चालवतो की नाही हे पहिल्या दोन-तीन ओळींत दिसतं. जळगावच्या गोलाणी मार्केटात मशीन मोडीत देण्याआधी एवढी एक तपासणी व्हायला हवी होती. ती होत नव्हती, आणि याची हळहळ अजून वाटते.

या नावांच्या घोळात असतानाच वरून निर्णय आला. उबुंटूने २०१७ च्या अखेरीस डेस्कटॉपची ३२-बिट आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) बंद केली. जून २०१९ मध्ये सगळी ३२-बिट पॅकेजं काढण्याचं जाहीर केलं. जगभरातून आरडाओरडा झाला आणि आठवडाभरात माघार घेतली गेली. पण ती माघार कोणासाठी होती? नव्या ६४-बिट मशीनवर जुने खेळ आणि वाइन या सॉफ्टवेअरमधून विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्यांसाठी. त्यांना लागणारी पॅकेजं राहिली. ज्यांचं मशीनच ३२-बिटचं, त्यांच्या पदरात काही पडलं नाही, कारण इन्स्टॉलच करता येईना. लुबुंटूनेही २०१९ पासून ती वाट सोडली. तपासणीचा भार आणि घटते वापरणारे ही कारणं खरी आहेत, हे मान्यच. पण ज्या वितरणाचं नावच हलकेपणासाठी घेतलं जायचं, त्यानेच जुन्या मशीनचा हात सोडावा, हे आजही पटत नाही.

मराठीचा अडथळा वेगळा होता. डीटीपीवाल्यांच्या लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. काहींचे फॉन्ट डोंगल लावल्याशिवाय उघडत नसत. लिनक्सवर अशी फाइल उघडली की अक्षरांचा पाला होतो. हिशेबाच्या टॅलीचीही लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती नाही. त्यामुळे प्रेस आणि अडत विंडोजवरच राहिल्या. शाळा, वाचनालयं आणि घरी लिहिणारे यांना मात्र देवनागरीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये तयारच मिळाला. अहिराणीही त्याच देवनागरीत लिहिता येते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले आणि तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळची मशीनं बहुतेक ६४-बिट आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, आणि इंटेलचे आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. ४ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी डेस्कटॉपवर ती अजून बरीच वर्षं काम देतील. रॅम खरी लागते ती ब्राउझरला. डेस्कटॉप कितीही हलका घेतला, तरी चार पानं उघडली की २ जीबी अपुरी पडते.

खऱ्याखुऱ्या ३२-बिट मशीनची गोष्ट निराळी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. त्याच वर्षी फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्यांनीही ३२-बिट लिनक्स सोडली. हातात राहते ती मुख्यतः डेबियन १२ आणि तिच्यावर उभी असलेली अँटिएक्स २३ ही हलकी लिनक्स. डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. तोवर अर्ज टाइप करणं, प्रिंट काढणं, मुलांना टायपिंग शिकवणं एवढं काम पेन्टियम ४ करू शकतो.