व्हिएतनामला होते आणि आता कॅन्सर निघालाय? क्लेम करण्याआधी हे वाचा

बऱ्याच घरांत हे असंच सुरू होतं, सासऱ्यांचा पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) वाढलेला येतो, बायोप्सी होते, प्रोस्टेट कॅन्सर निघतो आणि मग कोणीतरी म्हणतं की अहो ते अमेरिकन सैन्यातून व्हिएतनामला होते ना, तिथल्या एजंट ऑरेंज फवारणीमुळे आजार झाला तर सरकारकडून पैसे मिळतात म्हणे. तर हो, मिळतात. दर महिन्याला मिळतात, त्यावर टॅक्स नाही, आणि ही कोणाची मेहेरबानी नाही, तो त्यांचा हक्क आहे. हे पत्रक आम्ही मराठीत काढलं कारण या क्लेमची कामं करणाऱ्या आमच्या न्यू जर्सीच्या ऑफिसात येणारी मराठी माणसं बहुतेक स्वतः सैनिक नसतात, कोणाचे सासरे अमेरिकन असतात, कोणाचा नवरा, तर काही जण त्या काळात इथे आलेले, तेव्हा ग्रीन कार्डवाल्या तरुणांनाही ड्राफ्ट (सक्तीची लष्करभरती) लागू होता. कागदपत्रांची धावपळ मात्र घरातली सून नाहीतर मुलगीच करते, म्हणून तिच्यासाठी लिहितोय.

आधी थोडक्यात मूळ गोष्ट. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन हवाई दलाने व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर विमानांतून तणनाशक फवारलं, झाडांची पानं गळावीत म्हणजे शत्रूला लपायला जागा राहू नये आणि पिकं मरावीत म्हणजे धान्य मिळू नये म्हणून. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलेलं ते एजंट ऑरेंज, ड्रमवर नारिंगी पट्टा असायचा म्हणून ते नाव. दोन तणनाशकं निम्मी निम्मी मिसळलेली, आणि त्यातलं एक बनवताना डायॉक्सिन नावाचं विष तयार होऊन आत राहायचं, खरा घात त्याचा. तिथल्या लोकांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना याचं जे भोगावं लागलं ते फार मोठं आहे, या पत्रकात मावणारं नाही, आणि हा फायदा त्यांना लागूही होत नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक येतात ते घाबरून येतात, की पन्नास वर्षांपूर्वी अंगावर औषध पडलं हे आता कसं सिद्ध करायचं. ते करायचंच नाहीये! १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्यापासून व्हीए (म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं) दोनच गोष्टी बघतं, माणूस त्या जागी त्या तारखांत होता का, आणि आजार त्यांच्या यादीतला आहे का. दोन्ही जुळलं की संबंध आहे असं गृहीत धरतात, याला प्रिझम्प्टिव्ह म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, ऑफिसात तोच ऐकू येईल. नोकरीतून डिसऑनरेबल डिस्चार्ज झालेला नसावा हे अर्थात आलंच.

यादीतले कॅन्सर असे: प्रोस्टेट, फुप्फुस, स्वरयंत्र, श्वासनलिका, मूत्राशय (हा २०२१ मध्ये आला, आधी नव्हता), हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा, मल्टिपल मायलोमा, बी-सेलचा क्रॉनिक ल्युकेमिया आणि बरेचसे सॉफ्ट टिश्यू सार्कोमा. मायलोमाच्या आधीची जी एमजीयूएस म्हणून अवस्था असते ती आणि बीपी ही दोन्ही २०२२ च्या पॅक्ट कायद्याने यादीत आली. इथे एक बारकावा आहे, कॅन्सर जिथे सुरू झाला ती जागा धरतात. मोठ्या आतड्यातला पसरून फुप्फुसात गेला तर तो फुप्फुसाचा धरत नाहीत. म्हणून पॅथॉलॉजी रिपोर्ट आणा, नुसती डॉक्टरांची चिठ्ठी नको, आणि त्यात 'प्रायमरी' कुठला लिहिलाय ते बघून ठेवा.

जागा आणि तारखा. व्हिएतनामच्या जमिनीवर ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ मध्ये पाय ठेवलेला असला की झालं, एक दिवस असला तरी चालतो. जहाजावर असतील आणि जहाज किनाऱ्यापासून साधारण १२ सागरी मैलांच्या आत आलं असेल तर २०१९ च्या कायद्याने तेही आले. कोरियाच्या डीएमझेडवर (दोन्ही कोरियांच्या सीमेवरचा पट्टा) १ सप्टेंबर १९६७ ते ३१ ऑगस्ट १९७१. आणि पॅक्ट कायद्याने थायलंडचा कुठलाही अमेरिकन किंवा थाई तळ (३० जून १९७६ पर्यंत), ग्वाम, अमेरिकन सामोआ, आणि ठराविक तारखांना लाओस, कंबोडिया, जॉन्स्टन बेट हेही धरलं.

थायलंडचं मुद्दाम सांगतो. आमच्याकडे एक ताई बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या होत्या, नवरा उ-तपाओ तळावर मेकॅनिक होता, जुना क्लेम नामंजूर झालेला, कारण तेव्हाच्या नियमात तळाच्या कुंपणाजवळ ड्युटी होती हे दाखवावं लागायचं आणि याची ड्युटी हँगरमध्ये. त्या म्हणाल्या मी हे पत्र फेकणारच होते. डब्यात तळाशी त्याचा डीडी २१४ (लष्करातून सुटताना मिळणारा नोकरीचा दाखला) होता, घडीवर फाटलेला, सेलोटेप लावलेला, आणि एक परफॉर्मन्स रिपोर्ट ज्यावर तळाचं नाव आणि तारखा स्वच्छ टाइप केलेल्या. २०२२ नंतर कुंपणाची अट राहिलीच नाही, तेवढा एक कागद पुरला. तर जुनं नामंजुरीचं पत्र फेकू नका, त्यावर सप्लिमेंटल क्लेम, म्हणजे परत अर्ज, करता येतो (फॉर्म २०-०९९५). आणि ज्यांनी व्हिएतनामसाठी पूर्वीच क्लेम केला होता आणि आजार नंतर यादीत आला, त्यांना नेहमर नावाच्या जुन्या खटल्यामुळे बऱ्याचदा त्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासूनचे पैसे मिळतात, म्हणून ते पत्र कधीकधी सोन्यासारखं असतं.

डीडी २१४ वर व्हिएतनाम सर्व्हिस मेडल दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ते समुद्रात आणि थायलंडमध्ये असलेल्यांनाही मिळालंय, त्यावरून जमिनीवर उतरले होते असं ठरत नाही. ऑर्डर्स, घरी पाठवलेली पत्रं, फोटोच्या मागे लिहिलेलं गाव आणि तारीख, सोबतच्या सैनिकाचं लेखी स्टेटमेंट, सगळं जमा करा. डीडी २१४ हरवला असेल तर सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरकडून मागवता येतो. तिथे १९७३ मध्ये आग लागली होती हे खरं, पण आर्मीचे जळलेले रेकॉर्ड १९६० पर्यंत सुटलेल्यांचे होते, व्हिएतनामवाल्यांनी त्या भीतीने थांबायचं कारण नाही.

कागद जमायला वेळ लागतो, म्हणून पहिलं काम म्हणजे 'इंटेंट टू फाइल' देऊन टाकणं, ऑनलाइन किंवा फोनवर, दहा मिनिटांचं काम. त्याने तारीख राखली जाते आणि पूर्ण अर्ज (२१-५२६ईझेड) भरायला एक वर्ष मिळतं. मंजूर झाल्यावर पैसे सहसा त्या राखलेल्या तारखेपासून धरतात. हे पत्रक वाचून एवढं एकच केलंत तरी चालेल.

कॅन्सर ॲक्टिव्ह असताना रेटिंग (अपंगत्वाचा टक्का, त्यावर महिन्याची रक्कम ठरते) १०० टक्के. प्रोस्टेटमध्ये उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी परत तपासणी होते आणि मग कॅन्सरवर नाही तर मागे काय त्रास राहिला त्यावर रेटिंग ठरतं. बऱ्याच घरांचं नुकसान इथे होतं, कारण आमचे म्हातारे तपासणीला जाऊन म्हणतात आय ॲम फाइन. लाज वाटते हो, ऐंशीच्या घरातल्या माणसाने परक्यासमोर पॅडबद्दल काय बोलायचं. पण नियम अगदी त्यावरच आहे, लघवी गळते म्हणून दिवसाला पॅड दोनपेक्षा कमी वेळा बदलावं लागलं तर २० टक्के, दोन ते चार वेळा ४०, चारपेक्षा जास्त ६०. आम्ही घरच्यांना सांगतो की बाथरूममध्ये कॅलेंडर टांगा आणि पॅड बदललं की रेघ मारा, रात्री किती वेळा उठले तेही लिहा, आणि तो कागद तपासणीला घेऊन जा, मग त्यांना तोंडाने फार बोलावं लागत नाही. रेटिंग कमी करायचं असेल तर आधी पत्र येतं, उत्तराला ६० दिवस असतात, सुनावणी हवी असेल तर ३० दिवसांत मागावी लागते. ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकू नका.

यादीत नसलेला कॅन्सर, मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा किंवा मोठ्या आतड्याचा, तर रस्ता बंद नाही पण कठीण आहे, डॉक्टरांचं कारणांसकट लेखी मत लागतं की संबंध असण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे. पारडं बरोबरीत असेल तर कौल सैनिकाच्या बाजूने द्यायचा हा नियमच आहे.

आणि ते गेले असतील तर. काकू, तुमचाही हक्क असतो, डीआयसी म्हणतात, दर महिन्याचे पैसे. वर्षाच्या आत अर्ज केलात तर ज्या महिन्यात ते गेले तिथपासून धरतात, आणि त्यांचा क्लेम चालू असताना गेले असतील तर तो तुमच्या नावाने पुढे चालवता येतो, त्यालाही वर्षाचीच मुदत. डेथ सर्टिफिकेटवर नुसतं हृदय बंद पडलं असं लिहिलेलं असतं बऱ्याचदा, त्यात कॅन्सर लिहिलेला नसेल तर डॉक्टरांना भेटून दुरुस्ती करून घ्या. पुण्याला किंवा कोल्हापूरला परत राहायला गेलात म्हणून हे पैसे थांबत नाहीत.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पहिल्या अर्जासाठी आम्ही काहीच घेत नाही, कायद्याने घेताच येत नाही, कोणालाच. निर्णय विरोधात गेला आणि पुढे लढायचं ठरलं तरच आमची फी, ती मिळालेल्या थकबाकीच्या २० टक्के, आणि थकबाकी मिळाली नाही तर काही नाही. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संस्थांची माणसं पहिला अर्ज फुकट आणि चांगला भरून देतात, साधी केस असेल तर आम्हीच तुम्हाला तिकडे पाठवतो. फोन करून वाढलेल्या रकमेतला हिस्सा मागणारे कोणी आले तर सही करू नका, त्यांचं नाव व्हीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते आधी बघा, आमचंही बघा.

पहिल्या भेटीला डीडी २१४, पॅथॉलॉजी रिपोर्ट, व्हीएची सगळी जुनी पत्रं आणि जमलं तर त्यांना स्वतःला घेऊन या. त्यांना चालवत नसेल तर कळवा, आम्ही घरी येतो.