एनएमओच्या रुग्णांचं दिव्यांग प्रमाणपत्र: ४० टक्क्यांपाशी अर्ज का अडतो

न्यूरोमायलायटिस ऑप्टिका म्हणजे एनएमओ. दृष्टीची नस आणि मज्जारज्जू, दोन्हींवर घाला घालणारा आजार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मिळताजुळता आजार आहे, एनएमओचं नाव मात्र नाही. मग काही जण डॉक्टरांच्या मागे लागून कागदावर ‘एमएस’ लिहून घेतात. कृपा करून असं करू नका. एमएसची इंटरफेरॉन, फिंगोलिमोडसारखी औषधं एनएमओ बळावू शकतात, आणि तो कागद उद्या कोणत्या डॉक्टरांपुढे जाईल याचा नेम नाही. दिव्यांगत्वाचे टक्के तसेही नजर किती उरली, हातपाय किती चालतात यावर ठरतात.

खरी अडचण इथे आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर मिळतात ३० टक्के. बहुतेक सवलतींना ४० लागतात. पायांतली कमजोरी अर्जात नोंदवलेलीच नसते. नातेवाईक हाताला धरून आत आणतात, खुर्चीत बसवतात, डोळे तपासून होतात आणि चालून दाखवायचं राहूनच जातं! अर्जात दृष्टी आणि हालचाल, दोन्ही नोंदवा. डोळ्याचे ३० आणि पायांचे ३० यांचे ६० धरत नाहीत, सूत्राने ५० होतात. तेवढे पुरतात.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा. सोबत एमआरआय, आजाराच्या प्रत्येक अ‍ॅटॅकचं डिस्चार्ज कार्ड आणि अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडीचा, म्हणजे एनएमओसाठीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट. तो निगेटिव्ह असला तरी घाबरू नका, काही रुग्णांत तो तसाच येतो. हमखास नसतो तो पेरिमेट्रीचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राचा रिपोर्ट. तक्त्यावरची अक्षरं वाचता आली की डोळा ठीक धरला जातो; बाजूचं काहीच दिसत नाही, हे या रिपोर्टशिवाय सिद्ध कसं करणार?

अ‍ॅटॅकनंतर लगेच सिव्हिलला धावू नका. स्टिरॉइड किंवा प्लाझ्मा एक्स्चेंजनंतर नजर काही प्रमाणात परत येऊ शकते, त्यामुळे टक्के ठरवणारं मेडिकल बोर्ड ‘नंतर या’ म्हणतं किंवा तात्पुरता दाखला देतं. तात्पुरता मिळाला तर त्यावरची मुदत आधी वाचा. अनेक जण तो कायमचा समजून फाइलला लावतात आणि पेन्शन किंवा पास अडला की धावपळ करतात. टक्के पटले नाहीत तर याच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. खिडकीवर हे कुणी आपणहून सांगत नाही.