भोकांच्या डिस्कने गाडी लवकर थांबत नाही

नागपुरात ट्रॅकवर गाडी न्यायची हौस असलेल्या पोरांना गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो: "भाऊ, भोकांची मोठी डिस्क टाक, गाडी जागेवर थांबते." डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती; पॅड तिला आवळतात आणि गाडी थांबते. पण गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं नाही, आणि खिसा रिकामा होण्याआधी ते कळायला हवं.

कंपनीचेच ब्रेक जोरात दाबल्यावर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुरू होत असेल, तर त्यांची ताकद पुरेशी आहे. पुढचं काम टायरच्या पकडीचं. मग ट्रॅकवर काही फेऱ्यांत ब्रेक का जातो? उष्णतेमुळे. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना चौपट उष्णता तयार होते. त्यात पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. मानकानुसार नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा फक्त १५५ अंश आहे. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पाय टाकला की तेच दबतात आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांपेक्षा मला पावसाळ्याची दमट हवा जास्त घातक वाटते.

मोठी जाड डिस्क उष्णता जास्त साठवते, एवढं खरं. पण भोकं पूर्वीच्या काळच्या पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट द्यायला होती. ट्रॅकवर डिस्कला भेगा तिथूनच पडतात.

आधी ताजं ऑइल भरा, मग ट्रॅकचे पॅड घ्या. मात्र ते थंड असताना नीट पकडत नाहीत; घरी परतल्यावर बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत शिरण्याआधी काढून ठेवा.