नो-हिटर की परफेक्ट गेम?

बेसबॉलच्या निकालात 10-0, 8-0 असा एकतर्फी स्कोअर आणि हरलेल्या संघापुढे शून्य हिट्स (हिट म्हणजे चेंडू मारून, फिल्डरच्या चुकीशिवाय बेस गाठणं) दिसल्या, की आपल्याकडे लोक सरसकट ‘परफेक्ट गेम’ म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा तो असतो नुसता नो-हिटर. प्रत्येक परफेक्ट गेम हा नो-हिटर असतो, उलटं मात्र नाही.

नो-हिटरला अट एकच. सामना संपेपर्यंत, किमान नऊ इनिंग्ज, समोरच्यांना एकही हिट मिळता कामा नये. चार ‘बॉल’ (मारण्याच्या टप्प्याबाहेरचे चेंडू) पडून कुणी वॉकवर बेसवर गेला, कुणाच्या अंगावर चेंडू बसला, फिल्डरने एरर (चूक) केली, तरी चालतं. क्रिकेटमध्ये लेगबाय गेल्या तरी ओव्हर मेडनच राहते ना, तसंच. परफेक्ट गेममध्ये ही कुठलीच सवलत नाही. नऊ इनिंग्ज, दर इनिंगला तीन आऊट, म्हणजे 27 बॅटर यायचे आणि 27 परत जायचे, पहिल्या बेसवर कुणीही पोहोचायचं नाही. म्हणूनच मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या इतिहासात नो-हिटर तीनशेच्या वर आहेत आणि परफेक्ट गेम 2023 पर्यंत फक्त 24.

आता दोन सामने बघा. 13 जून 2012, सॅन फ्रान्सिस्को. जायंट्सचा पिचर (चेंडू टाकणारा) मॅट केन याने ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजना 10-0 धुतलं. 125 पिच (टाकलेले चेंडू), 14 स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन आऊट), एकही बॅटर बेसवर नाही. परफेक्ट गेम. पण सातव्या इनिंगच्या सुरुवातीलाच जॉर्डन शेफरने मारलेला चेंडू उजव्या-मधल्या मैदानात खोलवर निघाला होता. ग्रेगर ब्लँको जिवाच्या आकांताने धावला आणि कुंपणाजवळच्या मातीच्या पट्ट्यावर झेपावून त्याने तो पकडला. तो सुटला असता तर परफेक्ट गेम तर गेलाच असता, नो-हिटरही गेला असता.

18 जून 2014, लॉस एंजेलिस. डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉने कोलोरॅडो रॉकीजना 8-0 हरवलं. 15 स्ट्राइकआऊट, वॉक एकही नाही. सहा इनिंग्ज परफेक्ट. सातव्यात कोरी डिकरसनने एक हळू, उसळता चेंडू मारला. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) हॅन्ली रामिरेझ पुढे धावत आला, घाईत फेकला, आणि चेंडू पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या आवाक्याबाहेर. एरर. हिट नसल्याने नो-हिटर शाबूत, परफेक्ट गेम मात्र त्याच क्षणी संपला.

माझ्या मते त्या दोघांत कर्शॉची पिचिंग सरस होती. पण परफेक्ट गेम ही पिचरच्या नावावर लागणारी, तरी नऊ जणांनी मिळून सांभाळायची गोष्ट आहे. तसा नो-हिटरही थोडा उधारीवरच असतो म्हणा. कर्शॉच्या त्याच इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवर मिगेल रोहासने ट्रॉय टुलोविट्झकीचा जमिनीवरून आलेला चेंडू उलट्या हाताने अडवून पहिल्या बेसवर फेकला नसता, तर हिट लागलीच होती.

एकतर्फी स्कोअरने यात काय फरक पडतो? थोडा पडतो. दहा धावांची आघाडी असली की पिचर बिनधास्त स्ट्राइक झोनमध्ये (बॅटरच्या मारण्याच्या टप्प्यात) टाकतो. 1-0 वर तगड्या बॅटरला मुद्दाम वॉक देणंही शहाणपणाचं ठरतं. पण नुसत्या आघाडीने काम होत नाही. 21 एप्रिल 2016 ला शिकागो कब्जच्या जेक अ‍ॅरिएटाने सिनसिनाटीविरुद्ध 16-0 च्या सामन्यात चार वॉक दिले. नो-हिटर, बस्स.

बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) वाचताना हिट्सच्या शेजारचे वॉक, एरर आणि अंगावर बसलेले चेंडूही बघा. नुसते 27 बॅटर मोजून भागत नाही, कारण वॉकवर आलेला पुढे डबल प्लेमध्ये (एकाच चेंडूवर दोघे आऊट) आऊट झाला तरी आकडा 27च राहतो.

आणि हे सगळं अगदी शेवटच्या क्षणीही बदलू शकतं. 20 जून 2015, वॉशिंग्टन नॅशनल्सचा मॅक्स शर्झर पिट्सबर्गविरुद्ध 6-0 ने पुढे, 26 बॅटर सलग आऊट, आणखी एक स्ट्राइक हवी. चेंडू होजे टबाटाच्या कोपरावर बसला. त्याने कोपर मुद्दाम खाली आणलं की काय, यावर लोक अजून वाद घालतात. पुढच्या बॅटरला शर्झरने आऊट केलं, आणि रेकॉर्डमध्ये नोंद झाली नो-हिटरची.